मडक्यात नेमकं काय होतं? प्रागैतिहासिक आंबवलेल्या पेयांचे पुरावे

पांढरीची माती

‘तेरा हजार वर्षांपूर्वीची बिअर’, ‘नऊ हजार वर्षांपूर्वीचं मद्य’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यात पुराव्याला एखादंच वाक्य मिळतं. खरं तर सगळ्यात विचार करण्याजोगी गोष्ट तीच आहे, म्हणून हा धागा.

मूळ अडचण अशी की खापरात अल्कोहोल सापडत नाही. ते उडून जातं, पाण्यात पूर्ण मिसळतं, आणि हवा लागली की जिवाणू त्याचा शिरका करतात. साखरही जमिनीतल्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणजे जे शोधायचं तेच सगळ्यात आधी नाहीसं झालेलं असतं. मागे राहतात ते सोबती: फळातली आम्लं, मेण, राळ, तळाशी बसलेले क्षार, स्टार्चचे कण, तुसातले सिलिकाचे सांगाडे. त्यावरून ‘इथे काहीतरी आंबवलं होतं’ हा निष्कर्ष काढायचा असतो. म्हणून प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारत जायचा: हीच खूण दुसऱ्या कशाने उमटू शकते का?

सुरुवात जियाहूपासून करतो. चीनच्या हनान प्रांतातली ही नवाश्मयुगीन वस्ती. क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या बासऱ्या जिथे मिळाल्या तीच. २००४ साली पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी इथल्या १६ खापरांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. काळ इ. स. पू. ७००० च्या आसपासचा. तीन गोष्टी एकत्र मिळाल्या: मधमाशीच्या मेणातले विषम कार्बनसंख्येचे हायड्रोकार्बन, टार्टारिक आम्ल, आणि भाताशी जुळणारी वनस्पतिजन्य स्टेरॉल संयुगं. त्यावरून मांडणी झाली ती तांदूळ, मध आणि फळ (हॉथॉर्न किंवा रानद्राक्ष) यांच्या मिश्र पेयाची.

सुटं सुटं पाहिलं तर एकही खूण पुरेशी नाही. मेण म्हणजे मध असं होत नाही, कारण मडकं पाझरू नये म्हणून आतून मेण लावतात. भात साधा शिजवलेला असू शकतो. टार्टारिक आम्ल नुसत्या रसाचंही असेल. जोर आहे तो तिन्ही एकाच भांड्यात असण्यात, आणि भांडं अरुंद गळ्याचं, म्हणजे द्रवासाठीचं असण्यात. शिवाय गोड रस, मध आणि पातळ भात उन्हाळ्यात एकत्र ठेवला तर तो आंबल्याशिवाय राहत नाही. मध पातळ झाला की त्यातलंच यीस्ट जागं होतं.

कुतूहल

टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेतलं तेच ना? मग आपल्याकडच्या खापरात ते मिळालं तर द्राक्षाची वाइन म्हणणार की आमटी?

रसशाळा

कुतूहल, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्लाचं प्रमाण द्राक्षरसापेक्षा कितीतरी जास्त असतं. द्राक्षरसात लिटरमागे काही ग्रॅम, तर चिंचेच्या गरात वजनाच्या दहा टक्क्यांच्या घरात. त्यामुळे भारतात, आणि चिंच किंवा गोरखचिंच होते अशा कुठल्याही प्रदेशात, हे आम्ल एकटं वाइनची खूण म्हणून चालत नाही. पश्चिम आशियात ते चालतं, कारण तिथे त्याचा मुबलक स्रोत जवळजवळ द्राक्षच आहे.

तरीही तिथल्या चांगल्या अभ्यासांत एका आम्लावर भागवलेलं नाही. इराणच्या हाजी फिरूझ टेपेचं पाहा. इ. स. पू. सुमारे ५४०० ते ५०००. एका घराच्या स्वयंपाकघरात भिंतीलगत जमिनीत पुरलेले सहा रांजण, प्रत्येकी साधारण ९ लिटरचे. टार्टारिक आम्लाच्या क्षाराबरोबर पिस्त्याच्या जातीतल्या टेरेबिंथ झाडाची राळ मिळाली. जवळच रांजणाच्या तोंडाच्या मापाची मातीची बुचंही सापडली. राळ शिरका होणं लांबवते आणि बूच हवा रोखतं. सरबतासाठी एवढा बंदोबस्त कोणी करत नाही. इथे रसायनापेक्षा बूच जास्त बोलतं, असं माझं मत आहे.

जॉर्जियातल्या गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथला २०१७ चा अभ्यास (इ. स. पू. ६००० ते ५८००) मला आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. टार्टारिकसोबत मॅलिक, सक्सिनिक आणि सिट्रिक आम्लंही मोजली, आणि खापराभोवतालच्या मातीशी तुलना केली. सक्सिनिक आम्ल किण्वनात, म्हणजे आंबताना, तयार होतं म्हणून ते महत्त्वाचं. पण ते जिवाणूही करतात, म्हणून मातीची तुलना त्याहून महत्त्वाची. हे आम्ल माती आणि खापर दोन्हीत सारखंच असेल तर ते बाहेरून झिरपलंय, विषय संपला.

रंगद्रव्याचा मार्गही आहे. लाल द्राक्षातलं माल्व्हिडिन जुनं झालं की घट्ट साखळ्यांत अडकतं. अल्कलीने तोडलं की सिरिंजिक आम्ल सुटतं. पण लाकडातल्या लिग्निनमधूनही सिरिंजिक आम्ल येतं. आर्मेनियातल्या अरेनी-१ गुहेत (इ. स. पू. ४००० च्या आसपास) माल्व्हिडिन मिळालं, तेव्हा ते डाळिंबातही असतं हा आक्षेप संशोधकांनी स्वतःच विचारात घेतला. त्या जागी डाळिंबाचा एकही अवशेष नव्हता. उलट द्राक्षाच्या बिया, चिपाडं, वेलीच्या काटक्या आणि रस तुडवायचं उथळ कुंड होतं, ज्याचा उतार पुरलेल्या मोठ्या भांड्याकडे होता. चिपाड आणि कुंड हातात असल्यावर माल्व्हिडिन ही केवळ साक्ष उरते.

तृणधान्य

वाइनची बाजू त्यामानाने सोपी. फळात साखर आणि सालीवर यीस्ट, दोन्ही आयतं. मोहाची फुलं, ताडी, मध यांचंही तेच. धान्याचं तसं नाही. यीस्टला स्टार्च खाता येत नाही. आधी त्याची साखर करावी लागते. त्याच्या जुन्या वाटा तीन: धान्य चावून थुंकणं (लाळेतलं अमायलेज), मोड आणणं, किंवा बुरशी लावणं. प्रत्येक वाट वेगळा माग सोडते, म्हणून क्रमवार लिहितो.

मोडाची वाट. जव २४ तास भिजवायचे, दर सात-आठ तासांनी पाणी बदलायचं. बदललं नाही तर दाणा श्वास कोंडून मरतो आणि वास मारतो. मग दोन-तीन बोटं जाडीचा थर करून १५ ते २० अंशांना तीन ते पाच दिवस मोड काढायचे, दिवसातून दोनदा परतायचे. थर जाड झाला तर आत उष्णता साठते आणि हिरवी बुरशी धरते. दाण्याच्या आत वाढणारा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की थांबवायचं. पुढे गेलं तर कोंबच साखर खाऊन टाकतो. उन्हात खडखडीत वाळवून, मुळं चोळून काढून, जाडसर भरडायचं. किलोला तीन-चार लिटर पाणी, ६५ अंश, एक तास. ७५ च्या वर गेलं तर एन्झाइम मरतात आणि घट्ट खळ तशीच राहते. ५० वरच राहिलं तर स्टार्च फुगत नाही आणि एन्झाइमला आत शिरता येत नाही. एक थेंब काढून आयोडीन टाकायचं. निळंजांभळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे.

याचा माग असा. मोड येताना एन्झाइम स्टार्चच्या कणाला खड्डे आणि खाचा पाडतात. गरम पाण्यात तोच कण मधून पोकळ होतो, कडा फुटतात, आणि ध्रुवित प्रकाशात दिसणारा काळा क्रॉस पुसट होतो किंवा जातो. दाणा उकळून शिजवला तर कण सगळीकडून फुगून आकारहीन होतो. २०१७ साली वांग जियाजिंग, ली लिऊ आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पेय करून या फरकांची पद्धतशीर नोंद केली. त्याआधी १९९६ मध्ये डेल्वेन सॅम्युएल यांनी इजिप्तच्या भांड्यांतला वाळलेला गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पाव कुस्करून बिअर करत असा समज तोवर रूढ होता. त्यांना एकाच गाळात शिजलेला आणि न शिजलेला, पण मोड आलेला स्टार्च दिसला. म्हणजे एक भाग शिजवायचा, दुसरा कच्चाच भरडून त्यात मिसळायचा. एन्झाइम दुसऱ्या भागातून येतात. तापमापक नसताना ही युक्ती फार उपयोगी, कारण उकळतं आणि गार मिसळलं की मिश्रण आपोआप मधल्या तापमानाला येतं.

भाताला मोडाची वाट नीट लागू पडत नाही. तांदळाचा स्टार्च फुगायला ७० च्या आसपास किंवा वर तापमान लागतं आणि तिथे एन्झाइम टिकत नाहीत. म्हणून आधी भात शिजवायचा, गार करायचा, मग बुरशी लावायची. चीनच्या चजियांग प्रांतात चियाओतौ इथे (सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं, दफनांच्या जागेचं) रंगवलेल्या भांड्यांत भात आणि जॉब्ज टिअर्स या गवताच्या स्टार्चसोबत बुरशी आणि यीस्टचे अवशेष मिळाले. शांगशानच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या खापरांतही मोनॅस्कस बुरशी ओळखली गेली आहे. झारखंड-ओडिशाकडे हंडिया ही भाताची दारू करताना भातात रानूच्या (विरजणाच्या) गोळ्या घालतात ते तत्त्व हेच.

नदीकाठ

तृणधान्य, पद्धत स्पष्ट झाली. पण त्याच पद्धतीवर उभा असलेला राकेफेतचा दावा मला पटत नाही. इस्रायलच्या कार्मेल डोंगरातली ही नातुफी (शेतीच्या आधीच्या शिकारी-संग्राहकांच्या) दफनांची गुहा, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची. २०१८ चा अभ्यास म्हणतो की तीन दगडी उखळांपैकी दोन मोड आलेलं धान्य साठवायला होती आणि खडकातच कोरलेल्या तिसऱ्यात कुटणं आणि आंबवणं चालत होतं. मडकी तोवर यायची आहेत. धान्याची शेतीही नाही.

माझे आक्षेप. उखळ उघडं असतं. त्यात माती भरते, मुंग्या-कृमी फिरतात, जमिनीतले जिवाणूही स्टार्चला खड्डे पाडतात. कुटतानाही कण फुटतो, भेगाळतो, क्रॉस हरवतो. शिवाय मोड आलेलं धान्य म्हणजे पेय कसं? आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात ते तान्ह्या मुलाला भरवायला. दहा हजार वर्षांनी कोणी ते भांडं तपासलं तर मोडाच्या सगळ्या खुणा मिळतील आणि ‘नाचणीची बिअर’ असा मथळा होईल. आंबिलीचंही तसंच: पीठ आंबतं, कण झिजतात, पण ते मुख्यतः लॅक्टिक आंबणं, त्यात नशा नाही.

तृणधान्य

सत्त्वाचा मुद्दा मान्य, आणि तो मोलाचा आहे. २०२० साली आंद्रेआस हाइस आणि सहकाऱ्यांनी वेगळीच खूण शोधली: मोड येताना दाण्याच्या सालीलगतच्या अल्यूरोन थराच्या पेशीभिंती पातळ होतात, आणि दाणा जळून कोळसा झाला तरी ते टिकतं. इजिप्तच्या हिएराकोन्पोलिस आणि तेल एल-फरखा इथल्या गाळात, तसंच मध्य युरोपातल्या तळ्याकाठच्या वस्त्यांच्या जळक्या अवशेषांत (कॉन्स्टन्स तळ्यावरचं हॉर्नश्टाड, इ. स. पू. चाळिसाव्या शतकाच्या आसपासचं) ती दिसली. स्टार्च उरलेला नसतानाही मोड ओळखता येतो हे मोठं काम आहे. पण लेखकांनी स्वतःच बजावलंय की यातून मोड सिद्ध होतो, बिअर नाही.

राकेफेतबद्दल मात्र इतकं टोकाचं नको. कुटल्याने पडणारी भेग आणि एन्झाइमने पडणारा खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा वेगळे ओळखू येतात: कुटलेल्या कणाला सरळ, अरीय चिरा, एन्झाइमचा मार मधून आणि गोलसर. पोकळ झालेल्या कणाला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात. तिथे काहीतरी ओलं आणि कोमट केलं गेलं हे मला संभाव्य वाटतं. ते पातळ लापशीपर्यंत थांबलं की पुढे दोन दिवस ठेवलं, हे स्टार्च सांगू शकत नाही.

नदीकाठ

कोमट कसं केलं? खडकातलं उखळ चुलीवर ठेवता येत नाही.

पांढरीची माती

तापवलेले दगड टाकून. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर न्यायला सुमारे १९० किलोज्यूल लागतात. ४०० अंशांपर्यंत तापलेला एक किलो दगड ६५ पर्यंत उतरताना साधारण २८० किलोज्यूल देतो. म्हणजे कागदावर लिटरला पाऊण किलोच्या आत, आणि वाफ, भांड्याच्या भिंती, हवा यांतलं नुकसान धरून किलोभर दगड. दगड एकदम टाकायचे नाहीत; दोन-तीन टाकून ढवळायचं, काढायचे, पुढचे टाकायचे. नाहीतर दगडाभोवतीचं मिश्रण करपतं आणि बाकीचं गारच राहतं. नदीतले ओले गोटे घेऊ नयेत, आतल्या वाफेने फुटतात. चुनखडी खूप तापवली तर चुनकळी होते आणि पाणी अल्कधर्मी होऊन एन्झाइमचं काम बिघडतं.

म्हणून फुटके-तडकलेले, काजळलेले दगड उखळाच्या आसपास ढिगाने मिळाले तर तो पुरावा धरायचा. तुर्कस्तानातल्या ग्योबेक्ली टेपे या नवाश्मयुगीन स्थळी चुनखडीत कोरलेली १६० लिटरपर्यंतची भांडी आहेत. ती पेयासाठी होती हा प्रस्ताव २०१२ साली मांडला गेला. एवढं भांडं पूर्ण भरून तापवायचं तर दीड क्विंटल तापलेले दगड फिरवावे लागतील. अशक्य नाही, पण त्याची खूण जमिनीवर राहायला हवी. तिथली ऑक्सलेटची चाचणी निर्णायक ठरली नाही.

कुतूहल

ऑक्सलेट म्हणजे? याचा बिअरशी काय संबंध?

रसशाळा

जवात ऑक्सॅलिक आम्ल असतं. ते पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून कॅल्शियम ऑक्सलेटचे न विरघळणारे स्फटिक करतं आणि भांड्याच्या तळाशी, भेगांत पिवळट थर धरतो. आजच्या बिअर कारखान्यांतही टाक्यांना तो खरवडावा लागतो. इराणच्या झाग्रोस डोंगरातल्या गोदिन टेपेत इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या एका रांजणात हा थर मिळाला. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. त्या रांजणाच्या आतल्या अंगाला मुद्दाम आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या होत्या आणि थर नेमका त्या रेघांत साचला होता. जवाचे अवशेषही त्याच ठिकाणी मिळाले. म्हणून तो दावा टिकला.

पण ऑक्सलेट अळूत आहे, चुक्यात आहे, पालकात आहे, राजगिऱ्यात आहे. नीट न शिजलेलं अळू घशाला खाजवतं ते याच क्षाराच्या सुयांमुळे. जमिनीतल्या बुरश्या आणि दगडावरचे दगडफूलही ते तयार करतात. चुनखडीच्या भांड्यात तर कॅल्शियम आयतंच आहे. मिजियाया (शाआन्शी, चीन, इ. स. पू. ३४०० ते २९००) इथे २०१६ मध्ये ऑक्सलेट मोजलं, पण निकाल त्यावर टेकवला नाही. दोन खड्ड्यांत प्रत्येकी चूल, रुंद तोंडाची भांडी, नरसाळं आणि निमुळत्या बुडाच्या सुरया असा संच होता. चूल तापवायला, रुंद भांडं भिजवायला, नरसाळं गाळून ओतायला, निमुळतं बूड गाळ एका जागी बसवायला. सोबत भगर वर्गातलं धान्य, जव, जॉब्ज टिअर्स आणि कंदांचे खड्डे पडलेले स्टार्चकण. अवजारांचा असा संच हाच माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम पुरावा.

पांढरीची माती

संचावर आणखी एक उदाहरण. अबायडोस (इजिप्त) इथले मोठ्या रांजणांच्या रांगांचे अवशेष विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडले तेव्हा त्या धान्य भाजायच्या भट्ट्या समजल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा खणून जाहीर झालं ते असं: आठ विभाग, प्रत्येक सुमारे २० मीटर लांब, त्यात दोन ओळींत ४० च्या आसपास रांजण, एका वेळी सुमारे २२,४०० लिटर बिअर. काळ राजा नारमेरचा, इ. स. पू. ३१०० च्या आसपास. बांधकाम तेच, अर्थ बदलला. कारण मधल्या काळात हिएराकोन्पोलिसमधल्या तशाच रांजणांतला गाळ तपासला गेला होता.

गोधडी

उत्खननावर काम करणाऱ्यांनी नेमकं काय सांभाळायचं, तेही कोणी लिहा. नमुना आधीच बिघडला असेल तर पुढची सगळी चर्चा वाया.

रसशाळा

खापर धुवायचं नाही, घासायचं नाही, त्यावर शाईने क्रमांक टाकायचा नाही. पावडर लावलेले हातमोजे वर्ज्य, कारण ती पावडर बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असते. प्लॅस्टिक पिशवीत ठेवलं तर त्यातली थॅलेटं (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) मेदाच्या पृथक्करणात उतरतात; अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावं आणि मग पिशवीत. चिकटवायला फेव्हिकॉल वगैरे काहीही नको. ओलं असेल तर सावलीत वाळवावं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बुरशी धरते आणि ती बुरशी ‘पुरावा’ म्हणून दिसू लागते.

प्रत्येक खापरासोबत तीन तुलना हव्यात: त्याला चिकटलेली माती, काही मीटर दूरची त्याच थरातली माती, आणि त्याच खापराची बाहेरची बाजू. स्टार्च आत आणि बाहेर सारखाच असेल तर तो जमिनीतला. खापर फोडून दोन-तीन ग्रॅम पुरतात. वरचा मिलिमीटरभर थर खरवडून बाजूला ठेवायचा, आतली पूड घ्यायची. मेद आणि मेणासाठी क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल दोनास एक. या द्रावणात फळातली आम्लं नीट निघत नाहीत, ती मातीच्या खनिजांना धरून बसतात. त्यांच्यासाठी आम्लयुक्त किंवा अल्कधर्मी वेगळं निष्कर्षण लागतं. ‘टार्टारिक मिळालं नाही’ असं वाचलं की आधी निष्कर्षण कोणतं होतं ते पाहावं.

कुतूहल

महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचं काय? जोर्वे पद्धतीच्या त्या तोटीच्या भांड्यांबद्दल ‘मद्यपात्र’ असं वाचल्यासारखं वाटतं.

पांढरीची माती

तोटी म्हणजे ओतायची सोय, इतकंच. मध्य प्रदेशातल्या नावदाटोलीच्या पन्हळीच्या वाडग्यांची तुलना पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी इराणी भांड्यांशी केली होती, पण तो आकाराचा आणि संपर्काचा मुद्दा होता. इनामगावात (घोड नदीकाठ, साधारण इ. स. पू. १६०० ते ७००) जव हे मुख्य पीक होतं, म्हणजे कच्चा माल होता. कच्च्या मालावरून पेय सिद्ध होत नाही. जवाची भाकरी आणि सातूचं पीठही होतं.

तपासायचंच झालं तर तोटीचं भांडं कुठे तपासावं हे सांगता येईल. बुडाचा तुकडा घेतला तर शिजवलेलं, साठवलेलं, साचलेलं सगळं एकत्र येतं. तोटी जिथे अंगाला जोडलेली असते तिथला आतला कोन घ्यावा. ओतताना गाळ तिथे अडतो, धुताना हात तिथे पोचत नाही. टार्टारिक मिळालं तर चिंच आणि ऑक्सलेट मिळालं तर पालेभाजी आधी बाद करावी लागेल. जवाच्या कणांना मोडाचे खड्डे, कण मधून पोकळ, तुसाचे सिलिका-सांगाडे त्याच कोनात, आणि बाहेरच्या मातीत यातलं काही नाही, असं मिळालं तर मोड आलेल्या जवाचं ओलं, कोमट केलेलं मिश्रण त्या तोटीतून ओतलं गेलं, एवढं लिहिता येईल.

नदीकाठ

आणि तेच भांडं तान्ह्याला सत्त्व पाजायचं असेल तर? तोटी त्यालाही सोयीची आहे. आकारमान मोजून नोंदवा: पाव लिटरची तोटी आणि पाच लिटरची तोटी यांचा अर्थ एक नाही.

पांढरीची माती

बरोबर. आकारमान, तोटीचा आतला व्यास आणि भांडं घरात मिळालं की दफनात, या तीन नोंदी नमुना घेण्याआधीच करायच्या यादीत घालतो.